शंभर सैनिक, सव्वा डॉलर

माझे वडील पायदळात हवालदार होते, त्यामुळे माझे बालपण छावण्यांमध्ये गेले. दर दोन-तीन वर्षांनी बदली, नवी शाळा, नवे मित्र. जुन्या पुस्तकांचे दुकान मात्र बहुतेक प्रत्येक सदर बाजारात असायचे. तिथे इंद्रजाल कॉमिक्सच्या गठ्ठ्यात कधी कधी अमेरिकन कॉमिक्सही मिळत. ती मी गोष्टींपेक्षा जाहिरातींसाठीच जास्त चाळायचो.

त्यातली एक जाहिरात अजून डोळ्यांसमोर आहे. ‘१०० खेळण्यातले सैनिक’, किंमत सव्वा डॉलर. चित्रात घनघोर लढाई, धूर, रणगाडे, विमाने आणि सगळे सैन्य ठेवायला एक पेटी, अगदी बाबांच्या काळ्या ट्रंकेसारखी. भारतातून शाळकरी मुलाने डॉलर पाठवणे तेव्हा अशक्यच होते. तरीही मी ते पान बाबांसमोर धरले.

बाबांनी चित्राकडे पाहिलेही नाही. बारीक अक्षरातली यादी माझ्याकडून वाचून घेतली आणि हसले. “आठ अधिकारी आणि पायदळाचे जवान चारच? ही कसली पलटण रे? आता माणसं किती ते मोज.” मी मोजली. मशीनगनवाले, नेमबाज, नौसैनिक, महिला सैनिक धरून माणसे भरली ६०. उरलेले ४० ‘सैनिक’ म्हणजे रणगाडे, जीप, ट्रक, तोफा, जहाजे आणि विमाने! यादीत काही लपवलेले नव्हते. मीच ती वाचली नव्हती.

ज्या अमेरिकन मुलांनी ते सैन्य मागवले, त्यांच्या आठवणी मोठेपणी वाचनात आल्या. सैनिक इवलेसे आणि चपटे होते, पेटी पुठ्ठ्याची होती. अशाच दुसऱ्या एका संचाच्या जाहिरातीतले अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध रस हीथ या युद्धकथांच्या नामवंत चित्रकाराने रेखाटले होते. चित्र त्याचे, खेळणी कंपनीची. पण चिडलेली मुले राग काढायची चित्रकारावर.

बाकीच्या जाहिरातींचीही हीच तऱ्हा. ६ डॉलर ९८ सेंटला मुलांना आत बसता येईल अशी सात फुटी पोलारिस पाणबुडी! चित्रात ती पोलादी वाटे. मजकुरात मात्र फायबरबोर्ड, म्हणजे जाड पुठ्ठा, असे छापलेले असे. ‘सी-मंकीज’च्या चित्रात मुकुट घातलेले हसरे कुटुंब पाण्यात राहायचे. पाकिटातून निघत ती आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जीवाची अंडी. चित्र काल्पनिक असल्याची सूचना काही जाहिरातींत अगदी लहान अक्षरात दिलेली असे.

त्या जाहिरातींवर माझा राग नाही, उलट माया आहे. फसलेली कितीतरी मुले त्याच चपट्या सैनिकांना घेऊन अंगणात दिवसभर लढली. शिवाय फसगत एकदाच व्हायची. पैसे साठवायचे, पाकीट टाकायचे, आठवडेच्या आठवडे पोस्टमनची वाट पाहायची आणि खोके उघडले की कळायचे. पुढच्या वेळी तेच मूल यादी नीट वाचायचे.

आजच्या जाहिरातीत ही सवड मिळत नाही. मोबाइलवरचा खेळ फुकट म्हणून सुरू होतो आणि मग हत्यारासाठी, पुढच्या टप्प्यासाठी थोडे थोडे पैसे मागत राहतो. वाट पाहणे नाही, खोके उघडणे नाही, त्यामुळे फसल्याचा क्षणही हाती लागत नाही.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच जाहिरातींची. ‘एसएसबीमध्ये हमखास निवड’ असे सांगणारे फलक आणि व्हिडिओ आज आपल्या मुलांना आणि आम्हा पालकांना रोज दिसतात. गणवेशातल्या हसऱ्या मुलांचे फोटो म्हणजे धुराने भरलेले ते रणांगणच. तेव्हा यादी मागा. एकूण किती मुले बसली आणि त्यातली किती निवडली गेली? फोटोतला मुलगा तिथे वर्षभर शिकला की दोन दिवसांच्या शिबिराला आला होता? ‘हमखास’ म्हणता, मग निवड न झाल्यास फी परत देण्याचे लिहून देता का? इथे सव्वा डॉलर जात नाही. घरची बचत जाते आणि मुलाचे एक वर्षही जाते.

त्याच कॉमिक्समध्ये चार्ल्स अ‍ॅटलसचीही जाहिरात असे. किनाऱ्यावर एका किडकिडीत मुलाच्या तोंडावर दांडगा माणूस वाळू उडवतो आणि काही चौकटींनंतर तोच मुलगा बलदंड होऊन परततो. अतिशयोक्ती तिथेही होतीच. पण टपालाने येत ते व्यायामाचे धडे, आणि मेहनत ज्याची त्यालाच करावी लागे, रोज १५ मिनिटे. पहाटे पीटीच्या शिटीला उठणाऱ्या कॅडेटला यातला फरक वेगळा सांगायला नको.

कॅडेट मित्रांनो, उद्या तुमच्या हाती नकाशे येतील, आदेश येतील, शस्त्रसामग्रीच्या याद्या येतील. चित्र भव्य दिसले तरी आधी बारीक अक्षरे वाचा आणि माणसे मोजा. बाबांनी ही सवय मला रद्दीतल्या एका पानावर लावली. ते सैन्य मला कधीच मिळाले नाही, याचे आता वाईट वाटत नाही.