फडातल्या बाळाकडे पाहायचे कोणी?



ऊस तुटून गव्हाणीत पडला की आपण टनेज विचारतो, उतारा विचारतो. टोळीची चौकशी मात्र ती निघून गेली तरच होते. म्हणून हंगामाच्या तोंडावर आम्ही चार शब्द लिहीत आहोत.

कारखान्याच्या आवारात बॉयलरपाशी, गव्हाणीपाशी सूचनाफलक असतात. फडात फलक नाही. तेथे धारदार कोयता, डोक्यावर मोळी, ट्रॉलीला टेकवलेली निसटती फळी आणि पाचटावर निजवलेले लेकरू. कारखान्यातल्या कामगार बाईसाठी १९६१ साली मातृत्व लाभ कायदा आला. फडातल्या बाईला मुकादमाचा शब्द हाच कायदा. ती बसली तर कोयता अर्धा होतो, खाडा लागतो. म्हणून पोटुशी बाई दिवस भरेपर्यंत मोळ्या वाहते आणि पुष्कळदा कोपीतच बाळंत होते.

याचा संबंध एका गोष्टीशी आहे, ती नीट समजून घ्यावी. गावात एखादे मूल मान धरत नाही, पाय ताठ राहतात, बोलणे अडखळते. लोक म्हणतात, मागच्या जन्माचं पाप, नाहीतर बाहेरची बाधा. हे साफ खोटे आहे. डॉक्टर याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. वाढत्या मेंदूला गर्भात, जन्मताना किंवा तान्हेपणी इजा झाल्याने स्नायूंवरचा ताबा जातो. हा रोग संसर्गाचा नाही. पुष्कळदा कारण सापडतही नाही, तेव्हा आईला बोल लावू नये. पण दिवस न भरता जन्म, जन्मताना श्वास कोंडणे, कावीळ मेंदूत चढणे, डोक्याला मार ही कारणे ठाऊक आहेत आणि त्यांतली काही टाळता येतात.

बाळ पहिल्याच दिवशी पिवळे दिसले, पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरला किंवा बाळ दूध ओढेना, तर उन्हात धरून बसू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. निळ्या प्रकाशाखाली ठेवून ही कावीळ उतरवतात. १०८ ला फोन करावा. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण व आजारी बाळाचा उपचार मोफत आहे.

काही सभासद म्हणतील, "टोळी मुकादमाची, आमचा काय संबंध?" संबंध असा की फड आपला आणि ट्रॅक्टर बहुधा आपल्याच भाऊबंदाचा. शिवाय धुळे-जळगावचीच कितीतरी माणसे कोयता घेऊन दक्षिण गुजरातच्या कारखान्यांवर जातात. तिथल्या शेतकऱ्याने आपल्या माणसांशी जसे वागावे असे वाटते, तसे आपण इथे वागावे.

आमचे म्हणणे एवढेच. बाईचे दिवस भरत आले की तिला मोळी उचलू देऊ नये आणि बाळंतपणानंतर सहा आठवडे कामावर घेऊ नये. या काळाचा खाडा कापायचा नाही, हे मुकादमाच्या करारातच लिहून घ्यावे. फडाजवळ सावलीची, ट्रॅक्टरच्या वाटेपासून दूर अशी जागा लेकरांसाठी राखावी. ट्रॉली मागे घेताना एक माणूस मागे उभा असल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी हलवू नये. टोळी उतरताच गटातील आशाताईंना कळवावे.

आणि असे मूल आपल्या घरी असेल तर कोपऱ्यात ठेवू नका. चार महिन्यांनंतरही मान धरत नसेल तर तपासून घ्या. लवकर व्यायाम सुरू केला तर पुष्कळ फरक पडतो. अंग साथ देत नाही म्हणून बुद्धी नाही असे समजू नये. मुंबईच्या मिठू अलूर यांनी मुलगी मालिनी चिब हिच्यासाठी धडपडत १९७२ साली स्पॅस्टिक्स सोसायटी उभी केली. मालिनीने पुढे एका बोटाने टाईप करून आपले आत्मचरित्र लिहिले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या मुलांची नोंद आहे; प्रमाणपत्र काढून घ्यावे.

उसाला पाण्याची पाळी चुकली तर आपली झोप उडते. फडातल्या बाळासाठीही तेवढी काळजी वाहावी, ही विनंती.