मोरीतून पंचगंगेकडे

तांबड्या रश्श्याचं पातेलं मोरीत येतं तेव्हा त्याच्या कडांना लाल तवंग चिकटलेला असतो. वर तांब्याभर पाणी ओतलं की तो दिसेनासा होतो. पण मोरीचं पाणी गटारात, तिथून जयंती नाल्यात आणि पुढे पंचगंगेत जाऊ शकतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तीच नदी घराघरांत शिरली होती. तिच्याशी आपलं नातं रोजचं आहे, म्हणून या अंकासाठी आम्ही स्वयंपाकघर हा विषय निवडला.

नवी खरेदी सुचवण्याचा आमचा विचार नाही. तेलकट भांडं आधी जुन्या वर्तमानपत्राने पुसून घेणं, काथ्याची घासणी, रात्री भिजत घातलेले हरभरे (कुकरला गॅस कितीतरी कमी लागतो!), भाज्यांची देठं-सालं कुंडीतल्या खताला, मंडईत जाताना कापडी पिशवी. यातलं पुष्कळसं आपल्या आज्यांना ठाऊक होतं. घाईच्या घरात ते कसं जमवायचं, हे लेखांतून वाचाल.

तुमच्या घरी ओल्या कचऱ्याचं काय होतं? जे जमलं आणि जे फसलं, दोन्ही आम्हाला मोकळेपणाने लिहून कळवा.