सात वेळा खरं, आठव्यांदा खोटं: ३३१चा पॅटर्न कुठे फसतो?

३१, ३३१, ३३३१... पुढे एकेक ३ लावत गेलं की दरवेळी मूळ संख्याच मिळते, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून कशानेही भाग न जाणारी. ३,३३,३३,३३१पर्यंत सातही संख्या खरोखर मूळ आहेत. आठवी मात्र फसते: ३३,३३,३३,३३१ = १७ × १,९६,०७,८४३. तिथून पुढे दर सोळाव्या संख्येला १७ने भाग जातोच.

सात उदाहरणं म्हणजे सिद्धता नाही. हे गणितापुरतंच नाही. नांदेडला पाणी देणारं विष्णुपुरी धरण सलग काही पावसाळे भरलं, तरी पुढच्या वर्षाची हमी मिळत नाही.

त्यामुळे ‘आजवर असंच झालंय’ म्हणणारी पोस्ट फॉरवर्ड करण्याआधी विचारा: कारण दिलंय की फक्त उदाहरणं?