रस्ता कुणाच्या बापाचा?

दोस्तांनो, महानगरपालिकेला चालण्याची हौस आली. तानसाच्या पाइपलाइनीच्या कडेनं तिनं ३९ किलोमीटरचा ट्रॅक आखला. सायकल फिरवा, जॉगिंग करा, तब्येत बनवा. छान! पण त्या पाइपाला पाठ टेकून जी माणसं राहत होती, ती काय मोटारीनं कामाला जात होती?

ती चालतच होती. धुण्याभांड्याला, नाक्यावर, कारखान्यात. पोरं शाळेत. या शहरातल्या निम्म्याच्या आसपास फेऱ्या आजही पायीच होतात. आपलं चालणं म्हणजे वाचवलेलं बसभाडं. गोदीत पाळी भरून तंगड्या ओढत घरी येणाऱ्याला जॉगिंग शिकवू नका.

पाइपाच्या दोन्ही बाजूंना दहा मीटर जागा मोकळी ठेवा, असा हायकोर्टाचा हुकूम होता. पाण्याची राखण हवी, कबूल. पण माणसांची? २०१७ पासून हजारो कुटुंबं उचलून माहुलच्या ७२ इमारतींत नेऊन टाकली. शेजारी तेलशुद्धीकरणाचे कारखाने. तिथल्या हवेनं रहिवाशांच्या जिवाला अपाय होतो, हे हरित लवादानं २०१५ मध्येच बजावलं होतं. तरी नेलं. काम दूर, जुनी शाळा दूर, मोठा दवाखाना दूर, स्टेशन पायांच्या टप्प्याबाहेर. चालणाऱ्यांना चालून कुठंच पोचता येणार नाही अशा जागी फेकलं, आणि त्यांच्या चुलींच्या जागेवर चालण्याचा ट्रॅक! याचं नाव नियोजन.

एकदा तरी त्या बायकांना विचारलं असतं, तर त्यांनी एका दमात सांगितलं असतं: कामापासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर घर द्या, संडास द्या, रात्री गल्लीत दिवा द्या. या मागणीला कन्सल्टंट लागत नाही.

माहुलची माणसं गप्प बसली नाहीत. २०१८ मध्ये विद्याविहारला फुटपाथवर ठाण मांडलं, कोर्टात भांडली. २०१९ मध्ये हायकोर्टाला सांगावं लागलं, कुणाला जबरदस्तीनं तिथं धाडू नका. दुसरं घर नसेल तर महिन्याला १५,००० रुपये भाडं द्या.

मित्रांनो, महाडचं तळं नगरपालिकेच्या ठरावानं कागदावर आधीच खुलं झालं होतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या मागं हजारो पाय तिकडं वळले, तेव्हा तो कागद जिवंत झाला. १९६६ च्या नगररचना कायद्यात हरकत घ्यायचा हक्क असाच कागदावर पडून आहे. २०१५ मध्ये हरकतींच्या माऱ्यानं मुंबईचा अख्खा आराखडा सरकारला नव्यानं करायला लावावा लागला. त्या माऱ्यात आपल्या वस्त्यांचे कागद किती होते?

तेव्हा प्रत्येक वस्तीत पोरापोरींनी बसायचं. म्हाताऱ्यांना, बायकांना विचारत आपला नकाशा आपण काढायचा. नळ कुठं, संडास कुठं, अंधार कुठं, पोरं जीव मुठीत धरून रस्ता कुठं ओलांडतात. खाली सगळ्यांच्या सह्या, अंगठे. मग मोर्चानं चालत जाऊन तो वॉर्ड ऑफिसच्या टेबलावर आदळायचा.

या शहराची वाट आपल्या टाचांनी मळलीय. ती कुठं जाणार, हे आपल्याला विचारूनच ठरेल.