बागलाणचा हिशेब कोण मांडणार?

पश्चिमेला सह्याद्री आणि पलीकडे डांग, उत्तरेला सेलबारी ओलांडली की साक्री. या बेचक्यात आपला बागलाण. पाणी, पीक, भाव, मजुरी यांवर सटाण्यात रोज तावातावाने बोलले जाते. पण सुटे सुटे. म्हणूनच हे मुद्दे एकत्र मांडतो.

१. मोसम नदीवर हरणबारी, आरम नदीवर केळझर अशी धरणे असूनही सटाणा शहराला पाण्यासाठी कळवणच्या पुनद धरणाकडे वळावे लागले. याच नद्यांवर फड पद्धत होती: बंधाऱ्याचे पाणी पाटाने यायचे, एका फडात सगळ्यांचे एकच पीक, पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. आज शेजाऱ्याची विहीर आटली की आपण आपली बोअर आणखी खोल नेतो. आटले आहे ते पाणीच नव्हे, एकोपाही.

२. जून-जुलैत छाटणी करून अर्ली द्राक्षाचा जुगार आपला शेतकरी खेळतो. पाऊस लांबला की घड कुजतात. डाळिंबाच्या बागा तेल्या रोगाने संपवल्या. इतकी जोखीम एकट्याने किती वर्षे पेलायची?

३. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली. मे 2024 मध्ये उघडली, तरी शुल्क मार्च 2025 अखेरपर्यंत राहिले. चाळीतला कांदा दिल्लीच्या फायलीची वाट पाहत थांबत नाही, तो सडतो. ग्राहकाला स्वस्ताई हवी, तर तिचा भार एकट्या उत्पादकावर का?

४. पश्चिम पट्ट्यातली कोकणा आणि भिल्ल कुटुंबे हंगाम संपला की कामासाठी बाहेर पडतात. त्यांचे प्रश्न मांडायला विधानसभेची जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. जिल्हा नाशिक, लोकसभा मात्र धुळे. दोन दारे असूनही दाद कुठेच लागत नसेल, तर दोष दारांचा नाही, आपल्या विस्कळीत आवाजाचा आहे.

५. 1,567 मीटर उंचीचा, 1672 च्या लढाईने गाजलेला साल्हेर 2025 मध्ये जागतिक वारसा ठरला. आता पर्यटक वाढतील. वाटाड्या, जेवण, मुक्काम ही कामे पायथ्याच्या गावांनाच मिळाली पाहिजेत. नाहीतर वारसा जगाचा आणि कचरा तेवढा आपला.

तेव्हा नगरपरिषद, बाजार समित्या आणि ग्रामसभा यांनी एकत्र बसून तालुक्याचा पाणी-पीक-रोजगार आराखडा करावा, दरवर्षी लोकांपुढे ठेवावा. 1870-71 च्या दुष्काळात सरकारी खजिना रयतेसाठी खुला करणाऱ्या यशवंतराव महाराजांना आपण देवमामलेदार म्हणून पूजतो. नुसत्या आरतीने त्यांचा वारसा चालत नाही. खुर्चीवरच्या प्रत्येकाला हिशेब विचारणे, आणि तो आपणही देणे, हीच त्यांची खरी पूजा.