जळले, पण संपले नाही

फायरिंगनंतर आपण रिकामी काडतुसे मोजून जमा करतो. त्याशिवाय रेंज सोडत नाही. मला वाटते, हीच शिस्त जमिनीबाबतही हवी.

फ्रान्समध्ये व्हर्दूनजवळच्या जंगलात पहिल्या महायुद्धातले सुमारे दोन लाख रासायनिक तोफगोळे १९२८ मध्ये जाळून नष्ट केले गेले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत तिथल्या मातीत काही ठिकाणी वजनाच्या १७ टक्क्यांपर्यंत आर्सेनिक आढळले. ते गोळ्यांतल्या विषात होते आणि मूलद्रव्य असल्याने जाळूनही नष्ट झाले नाही. तिथे मोजके गवत आणि शेवाळच तग धरून होते.

दारूगोळा नष्ट करणे हे अर्धे काम. मातीचे नमुने तपासून जागा सुरक्षित ठरेल, तेव्हाच ‘काम पूर्ण’ असा रिपोर्ट द्यावा.