टाकी गळते, आपण बघतो



पावसात बांधाला भोक पडले तर आपण चिखलात उभे राहून ते बुजवतो, कारण वाहून जाणारी माती आपली असते. गावची पाण्याची टाकी मात्र वर्षानुवर्षे गळते आणि तिच्याखालच्या ओलीत म्हशी बसतात. ती टाकी कोणाची?

हिशेब करा. पाच मीटर व्यासाच्या गोल टाकीत पाणी एक सेंटिमीटर उतरले की सुमारे 196 लिटर गेले. 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज 55 लिटरचे माप धरले. रात्रीतून पाच सेंटिमीटर उतरले, तर 17 माणसांचे दिवसाचे पाणी मातीत गेले. उपशाची वीज वेगळीच. उन्हाळ्यात तेवढ्याच पाण्यासाठी घरची बाई रानातली विहीर गाठते.

नुकसान इथेच थांबत नाही. भेगेतून पाणी सळईपर्यंत पोचते, सळई गंजते, गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. बाहेरून सिमेंट फासले तर आतल्या पाण्याचा दाब ते ढकलून देतो. लेप आतूनच हवा. टाकी रिकामी करून शेवाळ आणि सैल काँक्रीट काढावे, सळई तारेच्या ब्रशने घासावी, फार झिजली असल्यास नवी जोडावी. मग जलरोधक द्रव्य घातलेला 1:3 सिमेंट-वाळूचा गिलावा करावा, तळाचे कोपरे गोल करावेत आणि किमान सात दिवस पाणी मारावे. पिण्याच्या टाकीत डांबर किंवा साधा रंग लावू देऊ नका. शेवटी ब्लीचिंग पावडरने धुऊन ते पाणी सोडून द्यावे. काम दिवाळीनंतर काढावे. तेव्हा विहिरीला पाणी असते, नळाला थेट देता येते. खांबांच्याच सळया उघड्या पडल्या असतील तर आधी अभियंत्याची तपासणी. तिथे लेप कामाचा नाही.

मग हे होत का नाही? नव्या टाकीला नारळ फुटतो, पाटी लागते. गिलाव्याला पाटी नसते. 1992 च्या 73 व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत जागा दिली. ती जागा आपणच रिकामी ठेवतो.

गावी गेल्यावर नळवाल्याला सोबत घ्या. रात्री टाकी भरून सगळे व्हॉल्व्ह बंद करा, पातळीची खूण करा, सकाळी मोजा. तो आकडा ग्रामसभेत वाचा आणि दुरुस्तीचा ठराव लिहून घ्या. पुढच्या बैठकीला येताना हा आकडा घेऊन या.